दुपारी एक दहा, सगळे बाहेर

साताऱ्याच्या घरी बाबांच्या टेबलावर एक लांबट नोंदवही असते. पाटबंधारे खात्यात असताना अशाच वहीत ते पाण्याची पातळी आणि पाऊस लिहायचे; कण्हेर धरणावर त्यांची बरीच वर्षं गेली. आताच्या वहीत पाऊस नाही. मधलं कुठलंही पान उघडलं तर तारीख असते आणि पुढे त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं असतं: ‘दु. १.१०, सगळे बाहेर. सहा.’ त्याखाली: ‘रात्री १.५०, सगळे परत. सहा.’ दर रविवारी त्या आठवड्याच्या पानाचा फोटो मला व्हॉट्सॲपवर येतो.

हे सहाजण म्हणजे शुगर ग्लायडर, झाडावरून झाडावर तरंगत जाणारे मूठभर आकाराचे निशाचर प्राणी. मेलबर्नच्या पूर्वेला, डँडेनाँगच्या डोंगरउतारावर आमचं घर आहे. घरामागच्या झाडाला एक लाकडी पेटी टांगलेली आहे, त्यात ते राहतात, आणि पेटीत कॅमेरा आहे. हिवाळ्यात आमचं घड्याळ भारताच्या साडेचार तास पुढे असतं. आमच्याकडे अंधार पडून ग्लायडर बाहेर निघतात तेव्हा साताऱ्यात बाबांचं जेवण उरकलेलं असतं; पहाटे ते परततात तेव्हा तिकडे मध्यरात्र उलटलेली असते. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी रात्री दोनदा उठावंच लागतं, मग एकदा उठून मंडळी घरी आली का ते बघतो, असं बाबा म्हणतात. ग्लायडरना जाताना मीही बघतो, येताना बाबा बघतात.

हे सुरू झालं एका वादळामुळे.

९ जून २०२१ च्या रात्री आमच्या डोंगरावर जे वारं सुटलं, तसं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. रात्रभर झाडं मोडल्याचे आवाज येत होते आणि प्रत्येक आवाजानंतर आम्ही छताकडे बघत होतो. सकाळी पाहिलं तर रस्ताच दिसेना. वरच्या गावांमध्ये हजारो झाडं आडवी झाली होती, कित्येक घरांत वीज यायला आठवडे लागले. आमच्या कुंपणामागे झाडीचा राखीव पट्टा आहे, तिथलं एक जुनं मेसमेट मुळासकट पडलं. मेसमेट म्हणजे निलगिरीच्या कुळातलं, सोलवटलेल्या दोरखंडासारखी साल असलेलं झाड. काही दिवसांनी कौन्सिलची माणसं ते कापायला आली. एका जाड फांदीतून करवत गेली आणि आत पोकळी निघाली. पोकळीत सुक्या पानांचा, वाटीसारखा दाबून बसवलेला थर होता. आत कोणी नव्हतं.

शेजारच्या आजी तिथेच उभ्या होत्या. त्या चाळीस वर्षं त्याच घरात राहतात. त्यांनी मूठभर पानं उचलली, वास घेतला आणि म्हणाल्या, “ग्लायडर. ह्यांचं घर गेलं.”

मी म्हटलं, दुसरी ढोली शोधतील की. त्यावर त्यांनी उरलेल्या झाडांकडे हात केला आणि विचारलं, “ह्यातलं शंभर वर्षांचं कुठलं दिसतंय तुला?”

आपल्याकडे ढोली म्हटलं की सुतारपक्षी आठवतो, तांबट आठवतो. चोच मारमारून आठ-पंधरा दिवसांत भोक तयार. ऑस्ट्रेलियात सुतारपक्षी नाहीतच. इथे फांदी मोडावी लागते, त्या जखमेतून बुरशी शिरावी लागते, वाळवीने आतलं मेलेलं लाकूड खावं लागतं, कधी वणव्याने उरलेलं पोखरावं लागतं. हे सगळं होऊन एखाद्या प्राण्याला राहता येईल अशी पोकळी व्हायला शंभर वर्षं सहज जातात, मोठ्या ढोलीला त्याहूनही जास्त. इथले कितीतरी पोसम (झाडांवर राहणारे, पिलांसाठी पोटाला पिशवी असलेले प्राणी), ग्लायडर, पोपट, घुबडं आणि वटवाघळं अशा ढोल्यांवर अवलंबून आहेत. त्या दिवशी कापलेल्या फांद्यांकडे बघताना मी मनातल्या मनात वर्षं मोजत होतो. पट्ट्यातल्या तरण्या झाडांत ढोली तयार होईल तेव्हा माझ्या आठ वर्षांच्या मुलीची नातवंडं म्हातारी झालेली असतील.

म्हणून पेटी करायचं ठरवलं. आजींकडे जुनी आकृती होती, सुताराचं काम मी केलं. जाड प्लायवूड, साधारण हातभर खोली, उतरतं छप्पर, तळाला पाणी निथळायला बारीक भोकं, आणि आतल्या बाजूला करवतीने पाडलेल्या आडव्या खाचा, पिल्लांना नखं रुतवून वर चढता यावं म्हणून. प्रवेशाचं भोक साडेचार सेंटीमीटरचं. त्याहून मोठं केलं तर थोराड पोसम आत येऊन बसतात. खिळे ठोकून पेटी लावायची नाही, हे आजींनी बजावून सांगितलं. झाड दरवर्षी जाड होतं, खिळा त्याच्या अंगात जातो आणि पेटी सुटते. तार घ्यायची, तिच्यावर बागेच्या नळीचा तुकडा चढवायचा, आणि तारेला नागमोडी वळणं द्यायची. झाड वाढलं की वळणं उलगडत जातात, खोड आवळलं जात नाही. ही तार बघून मला फार बरं वाटलं होतं. पन्नास वर्षांनी झाड केवढं असेल ह्याचा विचार करून कोणीतरी ती वाकवायला शिकवली होती.

कॅमेरा ही माझी हौस. पेटी एकदा टांगली की ती उघडून बघायची नसते. आमच्या व्हिक्टोरिया राज्यात देशी प्राण्यांना १९७५ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी दिवसा झोपलेल्या निशाचराच्या डोक्यावरचं छप्पर उचलणं बरं नव्हे. त्यामुळे कॅमेरा रिकाम्या पेटीतच बसवावा लागतो, आणि त्यानंतर काही बिघडलं तर पेटी पुन्हा रिकामी होईपर्यंत थांबावं लागतं. छपराखाली मी एक छोटा कप्पा केला, मध्ये पारदर्शक ॲक्रिलिकची पट्टी, आणि त्याच्यामागे बोटभर कॅमेरा. बाजारातल्या अशा कॅमेऱ्यांची नजर लांबवर लावलेली असते. एका फुटावरचं सगळं त्यांना धुरकट दिसतं. भिंगाभोवतीचा गोंद खरवडून, वर्तमानपत्राचा तुकडा पेटीच्या तळाशी ठेवून, अक्षरं वाचता येईपर्यंत मी भिंग फिरवत बसलो. दिवे अवरक्त किरणांचे. पहिले जे आणले ते अंधारात मंद लाल दिसत होते, म्हणून ते बदलून पूर्ण न दिसणारे, ९४० नॅनोमीटरचे बसवले. वीज आणि चित्र दोन्ही एकाच केबलमधून. ती केबल झाडावरून घरापर्यंत आणली आणि पाचव्या दिवशी कॉकाटूंनी ती चावून तोडली. पांढरे, पिवळ्या तुऱ्याचे ते मोठे पोपट लाकूड, रबर, काहीही सोडत नाहीत. मग केबल धातूच्या नळीतून नेली.

नोव्हेंबर २०२१ मध्ये झाडावर चढणाऱ्या एका व्यावसायिकाला बोलावून पेटी साडेचार मीटर उंचीवर बांधली. तोंड पूर्वेकडे. इथे सूर्य उत्तरेकडून तापवतो आणि पश्चिमेचं ऊनही कडक, त्या बाजू टाळायच्या. बाबांना लिंक पाठवली ती त्याच संध्याकाळी.

“काय दिसतंय?” मी विचारलं.

“लाकूड,” बाबा म्हणाले. “चांगलं केलंयस. रंधा नीट फिरलाय.”

वहीचं पहिलं पान तेव्हाचं आहे. ‘पेटी रिकामी.’ दुसऱ्या दिवशी, ‘रिकामी.’ तिसऱ्या दिवशी, ‘रिकामी. एक कोळी.’ मला वाटलं होतं, आठवड्यात कंटाळतील. पण पाऊस नसलेल्या दिवशीही पर्जन्यमापकावर जाऊन शून्य लिहिणारा माणूस तो.

तीन आठवड्यांनी पेटीत कोणीतरी आलं. सकाळी कॅमेऱ्यात गवताच्या काड्या दिसल्या, मग प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा, आणि दुपारी एक पक्षी. तपकिरी अंग, काळं डोकं, डोळ्यांभोवती पिवळा पट्टा.

बाबांचा लगेच फोन. “अरे, ही तर साळुंकी!”

साळुंकीच होती. साताऱ्याच्या अंगणात तांदळाच्या कण्या टिपणारी, माझ्या लहानपणी खिडकीच्या गजावर बसून ओरडणारी तीच. १८६० च्या दशकात मेलबर्नच्या भाजीमळ्यांतले किडे खायला म्हणून साळुंक्या मुद्दाम इथे आणून सोडल्या. त्यांनी किडे खाल्ले आणि ढोल्याही घेतल्या. इथल्या पोपटांना, ग्लायडरना त्या घुसून हुसकावतात, अंडी फोडतात. इथे त्यांना ‘इंडियन मैना’ म्हणतात आणि ते नाव घेताना लोकांच्या कपाळावर आठी पडते. परदेशात राहणाऱ्या माणसाला हे ऐकताना आत कुठेतरी टोचतं, मला टोचलं. आजी स्पष्ट म्हणाल्या, अंडी घालायच्या आत घरटं काढ, नंतर तुलाच जड जाईल. त्याच आठवड्यात झाडावर चढणाऱ्याला पुन्हा बोलावलं आणि काड्या काढून टाकल्या. बाबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तिला कोणी आणून सोडलं त्याची नोंद आहे का कुठे?”

खरा उपाय आजींनीच सांगितला: भोक समोर ठेवू नकोस, मागे ने. पेटी आणि खोड ह्यांच्यात चार-पाच सेंटीमीटरची फट ठेवायची आणि प्रवेश त्या फटीत. साळुंकीला उडत येऊन बसायला समोर जागा हवी असते. ग्लायडर खोडावर उतरतो आणि सालीला धरून सरपटत आत जातो. त्याला फट पुरते. जानेवारीत मी नवी पाठ करून पेटी फिरवली. साळुंक्या दोनदा येऊन बघून गेल्या, मग आल्या नाहीत.

आणि मग पुन्हा ‘रिकामी’. फेब्रुवारी सगळा, मार्चचे तीन आठवडे. एका सकाळी वहीत वेगळं वाक्य आलं: ‘कोपऱ्यात एक पान. हिरवं असावं.’ रात्रीच्या चित्रीकरणात मी मागे जाऊन पाहिलं, तर पाऊणेतीनला फक्त दोन चमकते डोळे भोकात आले होते आणि शेपटीचं टोक हललं होतं. पान ठेवून पाहुणा निघून गेला होता.

एप्रिलमध्ये ते राहायला आले. आधी दोन, मग चार, हिवाळा लागेपर्यंत सहा.

पानं आणण्याची त्यांची पद्धत बघून घरात सगळे थक्क झालो. बाहेर ग्लायडर मागच्या पायांवर फांदीला उलटा लटकतो, पानं तोडतो, पुढच्या पायांतून मागच्या पायांत देतो आणि तिथून शेपटीच्या वेटोळ्यात. मग शेपटीत जुडी गुंडाळून खोडावरून येतो. आम्हाला पेटीत दिसायचा तो शेवटचा भाग: भोकातून आधी डोकं, मग अंग, आणि मागून शेपटीत आवळलेली पानांची पेंडी. ती सोडायची, दातांनी ओढून कडेला लावायची, त्यावर गोल फिरून दाबायची. “शेपटीची चुंबळ केलीय बघ,” बाबा म्हणाले. दोन आठवड्यांत त्या पडलेल्या मेसमेटमध्ये पाहिली होती तशीच वाटी पेटीत तयार झाली.

बाबांचे प्रश्न रोज. वजन किती? नव्वद ते दीडशे ग्रॅम. “म्हणजे अदपाव!” रंग कोणता? कॅमेऱ्यात सगळं करडंच दिसतं, म्हणून तोंडी सांगावं लागलं: पाठ राखाडी, कपाळापासून पाठीवर एक गडद रेघ, पोट सायीसारखं. उडते खार म्हणायची का? नाही, खारीशी नातंच नाही. कोयनेच्या जंगलातल्या उडत्या खारीसारखाच पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत कातडीचा पडदा असतो, तसंच झाडावरून झाडावर तरंगत जातात, पन्नास मीटरपर्यंतसुद्धा. पण हे कांगारूच्या गोतातले, शिशुधानीवाले. शिवाय नावाचाही एक प्रश्न आहे. २०२० साली संशोधकांनी दाखवून दिलं की ज्याला सरसकट शुगर ग्लायडर म्हणत होते त्या तीन वेगळ्या जाती आहेत. खरा शुगर ग्लायडर पूर्व किनाऱ्याच्या पट्ट्यातला. आमच्या व्हिक्टोरियातला तो क्रेफ्टचा ग्लायडर. बाबांनी वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर ते नाव लिहून ठेवलं, पण बोलताना ‘आपले ग्लायडर’ असंच म्हणतात.

“आणि थंडीत खातात काय?”

उन्हाळ्यात किडे भरपूर, वसंतात मध. थंडीत ह्यांचा मोठा आधार म्हणजे डिंक. आमच्याकडे ब्लॅक वॅटल नावाची, बाभळीच्या नात्यातली झाडं आहेत. त्यांच्या सालीतून डिंक पाझरतो, तो हे खरवडून खातात. निलगिरीच्या कुळातल्या काही झाडांना खाचा पाडून रसही चाटतात.

फोनमागून आईचा आवाज आला. “थंडीत डिंकच लागतो हाडांना. त्यांना कोणी सांगितलं?”

आमच्या मुलीला वाटायचं, आपण खिडकीत थोडा मध ठेवावा, सफरचंदाची फोड ठेवावी. आजींनी नाही म्हणून सांगितलं, आणि मला ते पटलं. दिलेल्या खाण्याने ते आजारी पडतात, एकाच जागी रोज येऊ लागले की मांजरांना आणि घुबडांना पत्ता कळतो. त्याऐवजी आम्ही कुंपणाला वॅटलची अकरा रोपं लावली. मुलीने प्रत्येक रोपाला आळं केलं.

नावं ठेवायची नाहीत असं मी ठरवलं होतं, पण ओळख पटली की नाव पडतंच. मोठ्या नराच्या डोक्यावर टक्कल असतं. ती गंधग्रंथी आहे, ती घासून तो कळपातल्या प्रत्येकाला आपला वास लावतो. तो टकल्या झाला. एका मादीच्या डाव्या कानाची कड तुटलेली होती. ती तुटक्या कानाची. बाकीच्या चौघांना आम्हाला वेगळं करता आलं नाही, बाबांना येत होतं असं ते म्हणत.

जुलै २०२२ ची ती रात्र मी विसरणार नाही. दिवसभर गारठा आणि भुरभुर पाऊस. नेहमीच्या वेळेला, पाऊणेसहाला, पेटीत हालचाल नाही. सहा वाजले, सात वाजले. सहाच्या सहा एकमेकांत गुंतून एकच केसाळ गोळा झाले होते, आणि तो गोळा हलत नव्हता. मी चित्र मोठं करून करून बघत होतो. आठ वाजता बाबांचा फोन आला.

“अरे, बाहेर पडले नाहीत ते.”

“बघतोय बाबा.”

“विष तर नाही ना घातलं कोणी?”

मलाही तेच वाटायला लागलं होतं. इथे उंदरांचं विष घालतात. मी टॉर्च घेतला, शिडी काढली, पावसात झाडाखाली जाऊन उभा राहिलो. एक झाकण उचललं की कळणार होतं. बायको मागून छत्री घेऊन आली आणि इतकंच म्हणाली, “जिवंत असतील तर तू उघडल्यावर काय होईल?” मी शिडी खोडाला लावलीच नाही. आजींकडे दिवा दिसत होता, त्यांचं दार वाजवलं.

त्यांनी मला आत बसवून सगळं सांगितलं. खूप थंडी आणि पाऊस असला, बाहेर पडून मिळणाऱ्या खाण्यापेक्षा अंग गरम ठेवायलाच जास्त शक्ती जाणार असली, की हे प्राणी शरीर थंड पडू देतात. श्वास, नाडी सगळं मंदावतं. काही तास, कधी अर्ध्या दिवसाहून जास्त. अशा वेळी कोणी उठवलं तर साठवलेली शक्ती घाबरण्यात खर्च होते. त्या म्हणाल्या, “थांब. तेवढंच तुझ्या हातात आहे.”

घरी येऊन बाबांना सांगितलं. मी रात्री एकपर्यंत बसलो. पुढे बाबांनी बसायचं ठरलं. तिकडे तेव्हा साडेआठच झाले होते. त्या रात्रीचं पान मी जपून ठेवलं आहे. ‘रात्री ९.३०, हालचाल नाही. ११.००, वरच्याचं पोट वर-खाली होतंय असं वाटतं. ११.२०, होय, होतंय. फार सावकाश. २.००, तसंच. सकाळी ७.४०, थरथरतायत. सगळे. थंडी वाजल्यासारखे. ८.१५, टकल्याने तोंड बाहेर काढलं.’ आमच्याकडे तेव्हा दुपारचा पाऊण वाजला होता, मी ऑफिसच्या खुर्चीत होतो, आणि बाबा फोनवर ओरडत होते, “उठले रे, उठले!” त्या संध्याकाळी पाऊस थांबला होता. दु. १.०५, सगळे बाहेर. सहा.

त्यानंतर माझ्यात एक फरक पडला. पेटीवर काही दिसलं की हात शिवशिवायचा, तो थांबला. श्वासाने आणि ओल्या पानांनी कॅमेऱ्यावर धुकं धरायचं, कधी कोळी भिंगासमोर जाळं विणायचा, आणि आठवडाभर अर्धं चित्र पांढरं. आधी मी अस्वस्थ व्हायचो. आता बाबा ‘डावीकडचं दिसत नाही’ लिहून उजवीकडचं मोजतात.

ऑगस्टमध्ये तुटक्या कानाचीचं पोट बदललं. ह्यांची गर्भधारणा जेमतेम सोळा दिवसांची. जन्मताना पिल्लू तांदळाच्या दाण्याएवढं असतं, ग्रॅमचा पाचवा हिस्सा. ते सरपटत शिशुधानीत जातं आणि सत्तर दिवस तिथेच वाढतं. त्यामुळे आम्हाला जन्म दिसला नाही, फक्त पिशवी दिवसेंदिवस जड होताना दिसली. ऑक्टोबरच्या शेवटी एका पहाटे ती खाली बसली तेव्हा तिच्या पोटाखाली आणखी दोन शेपट्या होत्या. डोळे मिटलेले, पातळ केस. आई खायला बाहेर गेली की एखादा मोठा मागे राहून त्यांच्यावर पसरून बसायचा, बऱ्याचदा टकल्याच. वहीत नवा रकाना आला: ‘पिल्लं: २.’ दहा-बारा दिवसांत डोळे उघडले, नोव्हेंबरभर ती पेटीच्या खाचांवरून चढायची आणि भोकापाशी जाऊन परत पडायची. बाबा इयरफोन लावून त्यांचं कुरकुरणं ऐकायचे.

मुलगी त्या दिवसांत शाळेत टास्मानिया बेटाचा धडा शिकत होती. घरी येऊन तिने विचारलं, आपले ग्लायडर वाईट आहेत का? तिकडे ग्लायडर मूळचे नव्हते. १८३० च्या दशकात माणसांनी समुद्र ओलांडून नेले. आता ते स्विफ्ट पॅरट नावाच्या, नामशेष होऊ घातलेल्या पोपटाच्या ढोलीत शिरून अंड्यांवर बसलेल्या मादीलाच खातात. सांगताना मुलगी रडवेली झाली होती. संध्याकाळी तिने आजोबांनाही विचारलं.

“कोणी नेलं त्यांना तिकडे?” बाबांनी विचारलं.

“माणसांनी.”

“आणि साळुंकीला?”

ती गप्प बसली. मग म्हणाली, “आजोबा, साळुंकीचं पण लिहून ठेवा.”

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, पहाटे साडेसहाला, माझा फोन वाजला. उन्हाळ्यात आमच्यातला फरक साडेपाच तासांचा. साताऱ्यात रात्रीचा एक.

“तुटक्या कानाची आली नाही,” बाबा म्हणाले. “सव्वाअकराला पाच आले. मी थांबलोय. आता तुमच्याकडे उजाडलं असेल.”

उजाडलं होतं. पेटीत पाच मोठे आणि दोन पिल्लं. मी आणि आजी उतारावरून खाली गेलो. घोड्यांच्या कुरणाला जुनं काटेरी तारेचं कुंपण आहे. तरंगत येणाऱ्या ग्लायडरला अंधारात तार दिसत नाही, पडद्यात काटा रुततो आणि सुटायच्या धडपडीत आणखी फाटतो. आम्ही कुंपणाची पूर्ण लांबी चाललो. एकेक तार बघितली. काही मिळालं नाही. त्या आठवड्यात रात्री पट्ट्यातून पॉवरफुल आऊलचा आवाज येत होता, खर्जातला, दोन सुरांचा. ऑस्ट्रेलियातलं सगळ्यात मोठं घुबड, झाडांवरचे पोसम आणि ग्लायडर हेच त्याचं मुख्य खाणं.

बाबांना दोन्ही सांगितलं.

“घुबड असेल तर ठीक आहे,” ते म्हणाले. “तार असायला नको.”

कुरणाच्या मालकाशी बोललो. तो लगेच तयार झाला. घोड्यांसाठीही काटे नकोच होते म्हणाला, कधी हातात घ्यायला वेळ मिळाला नव्हता. दोन रविवार लागले. वरची काटेरी ओळ आम्ही काढली आणि साधी गुळगुळीत तार ओढली. दुपारच्या उन्हात हातमोजे घालून काटे गुंडाळताना मी प्रत्येक काट्यावर केस शोधत होतो.

पिल्लं तेव्हा चार महिन्यांची होत आली होती, म्हणजे बाहेर पडून स्वतः खाण्याइतकी. ती जगली. पाचजणांच्या मागून त्यांनीही फटीतून सरकून खोड धरलं. बाबांच्या वहीत ‘पाच आणि दोन’ असं जवळजवळ महिनाभर होतं, मग एका दिवशी ‘सात’ झालं.

पिल्लं सात-दहा महिन्यांची झाली की कळप त्यांना बाहेर काढतो. त्यांना आपली जागा शोधावी लागते. एक कळपही एकाच ढोलीवर भागवत नाही. म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये, पट्ट्याच्या पलीकडच्या टोकाला, दुसरी पेटी बांधली. ह्या वेळी भोक पहिल्यापासून मागे, केबल पहिल्यापासून नळीत, आणि तारेची वळणं मुलीने वाकवली. बाबांनी वहीत उभी रेघ मारून दोन भाग केले. डावीकडे पेटी एक, उजवीकडे पेटी दोन.

उजवीकडे चार महिने एकच शब्द होता. रिकामी. रिकामी. रिकामी, मुंग्या. रिकामी. जूनमध्ये थंडी पडली, डावीकडची वेळ दुपारी एकवर आली, उजवीकडे रिकामी. परवाच्या रविवारी फोटो आला तो मी घाईत उघडून बाजूला ठेवला होता, तर लगेच बाबांचा फोन.

“तू वाचलंस का नीट?”

“काय बाबा?”

“उजवीकडे बघ. शेवटची ओळ.”

‘पेटी दोन. रात्री १२.५५. कोपऱ्यात एक पान. ओलं दिसतंय.’